जुन्या कॉम्प्युटरचा रिकामा स्लॉट

पंखा फिरत होता. कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला होता. स्क्रीन मात्र काळी होती आणि तिच्यात माझाच चेहरा दिसत होता, तोंड थोडं उघडं. मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला. पुन्हा तेच.

खेळातली चित्रं न अडखळता दाखवणारं ग्राफिक्स कार्ड निवडण्यात मी कसर ठेवली नव्हती. आमचा कॉम्प्युटर बाबांच्या लग्नपत्रिका छापायच्या दुकानातून निवृत्त होऊन घरी आलेला. बाबा त्याला डब्बा म्हणतात. डब्ब्याचा पॉवर सप्लाय दुबळा, म्हणून वेगळी वायर न लागणारं, थेट स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड शोधलं. कॅबिनेटच्या आत शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी धरून लांबी मोजली. मॉनिटर जुना, त्याची निळ्या तोंडाची केबल नव्या कार्डाला लागत नाही, म्हणून मध्ये लावायचा कन्व्हर्टरही मागवला. कार्ड अकोल्याच्या एका विक्रेत्याकडून, वापरलेलं. त्यानं ते चालत असल्याचा व्हिडिओ आधी पाठवला होता.

मी त्याला फोन लावला. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी वाक्य आधी मनात जुळवून घेते. या वेळी तेवढंही सुचलं नाही.

"स्क्रीन येत नाही," एवढंच म्हणाले.

"मॅडम, माह्याकडं तर मस्त चालून राह्यलं होतं," तो म्हणाला. "तुमचा पीसीच लय जुना असंल. त्याले झेपत नसंल."

त्यानं फोन ठेवला. रविवार जवळ आला होता.

रविवारचं सांगायला हवं. आम्ही पाच जण ऑनलाइन एक नेमबाजीचा खेळ खेळतो. कॅप्टन मलकापूरचा, बाकीचे खामगाव, चिखली, मेहकरचे. त्यांच्यापैकी कुणालाच मी पाहिलेलं नाही. ते मला ताई म्हणतात. मागच्या अपडेटनंतर तो खेळ आमच्या कॉम्प्युटरवर अडखळायला लागला. समोरचा माणूस मला दिसेपर्यंत मी मेलेली असायची. दोन स्पर्धा माझ्यामुळे हरल्यावर कॅप्टन म्हणाला, "ताई, रविवारी पुढची स्पर्धा हाय, त्याच्या आत काहीतरी जुगाड कर. नाहीतर जालन्याचा एक पोरगा तयार हाय. राग नको मानू."

मी राग मानला नाही. पण मी घाबरले. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या. सुट्टीत धाड गावी आत्याकडे गेलं की "इंग्लिश बोलून दाखव ना" म्हणून सगळे भोवती जमायचे. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं, आणि मग तीच सवय झाली. कानाला हेडफोन लावून, दार लोटून, या चार मुलांशी बोलताना मात्र माझ्या तोंडून धडाधड वऱ्हाडी बाहेर पडते. ती कुठून येते, मलाही माहीत नाही. टीममधली जागा गेली असती तर हे बोलणंही गेलं असतं.

कार्ड काढून जुनी केबल लावली, तर कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू झाला. म्हणजे तो ठीक होता. वायर काढून कार्ड परत बसवलं आणि मोबाईलचा टॉर्च लावून बाजूनं पाहिलं. कार्डाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित वर होतं. नखभरही नाही. दाबलं तरी खाली जाईना.

मी कार्ड उपसलं आणि ज्या लांब खाचेत ते बसतं, त्या स्लॉटमध्ये उजेड टाकला.

आत लाल होतं.

कॉम्प्युटरच्या आत रक्त असू शकत नाही हे मला कळत होतं. तरी पहिल्या क्षणी मनात तेच आलं आणि मी टॉर्च बाजूला केला. परत पाहिलं तेव्हा त्या लाल थराखाली तांदळाचे दाणे दिसले. वाळून, कुंकवात लडबडून, तळाशी चिकटून बसलेले.

दुकानात हा कॉम्प्युटर टेबलावर आडवा ठेवलेला असायचा आणि त्याच्या अंगावर मॉनिटर. दसऱ्याला दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा आई करते. आधी छपाईचं मशीन, मग कागद कापायचं, मग कॉम्प्युटर. मॉनिटर उचलून बाजूला ठेवायचा, पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळद, अक्षता, वर झेंडूचं फूल. ज्या बाजूवर ती अक्षता टाकायची, त्या पत्र्याला हवेची भोकं होती. भोकांच्या बरोबर खाली हा स्लॉट, तोंड वर करून. इतक्या दसऱ्यांत त्यात कधी कुणी काही बसवलं नव्हतं. मी वीज मोजली, लांबी मोजली, पण स्लॉटमध्ये डोकावून पाहिलं नव्हतं. कधी वापरलाच नाही म्हणजे तो कोराच असणार, असं मी धरून चालले होते.

मी आईला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली आणि तिनं वाकून पाहिलं.

"हे तं माह्याच हातचं हाय," ती म्हणाली. "अवं माय. आन् मी समजो, देवाले पोचलं."

"ब्रशनं काढते मी."

"थांब. ब्रश नको लावू त्याले. पूजेचं हाय."

ती देवघरातून विझलेल्या अगरबत्तीची काडी आणि एक वाटी घेऊन आली. माझ्या हातात टॉर्च दिला आणि स्वतः काडीनं एकेक दाणा सैल करू लागली. निघालेला दाणा वाटीत ठेवायची. आतले सोनेरी काटे वाकले तर सगळं संपलं असतं. पण तिचा हात हलका होता.

काम करता करता, मान न उचलता ती म्हणाली, "आयतवारी खेळ हाय ना तुमचा?"

टॉर्चचा उजेड हलला.

"नीट धर. दिसू दे."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगते? भिंतीच्या पलीकडं मीच तर असतो. सगळं आयकू येते." तिनं अजून एक दाणा वाटीत टाकला. "तो एक हाय ना तुमचा, त्याले तू रोज शिव्या देते. काऊन थांबला बे, पुढं जाय ना बे. त्याले बे नको म्हणत जाऊ. वयानं मोठा असंल तं?"

मला वाटायचं, दार लोटलं की मी त्या घरात नसतेच.

"तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलली असती तं तू बंद केलं असतं." काडीचं टोक तिनं पदराला पुसलं. "एवढी बोलते, हेच मले मालूम नव्हतं. पयल्या दिवशी मले वाटलं, शेजारची पोरगी आली घरात."

उरलेलं कुंकू मी माझ्या चित्रकलेच्या कोरड्या ब्रशनं काढलं. त्याला तिनं हरकत घेतली नाही. कार्डाचे सोनेरी काठ खोडरबरानं पुसले, सरळ धरलं, दाबलं. टक् असा आवाज आला. दोन्ही टोकं सारखी खाली गेली. बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली.

"झालं?" आईनं विचारलं.

"हो."

ती वाटी घेऊन देवघरात गेली.

रविवारी दुपारी मी हेडफोन लावून बसले. खेळ सुरू झाला आणि मी दचकले, कारण जमिनीवर सावल्या होत्या. कार्ड नसताना खेळ चालावा म्हणून मी सावल्या कायमच्या बंद ठेवलेल्या; नवं कार्ड ओळखून खेळानं त्या आपोआप चालू केल्या होत्या. बाकी सगळ्यांना इतके दिवस या दिसत होत्या.

तेवढ्यात दार उघडलं. आई मेथीची जुडी घेऊन आत आली आणि माझ्या मागं पलंगावर बसून पानं खुडू लागली. पहिला डाव मी मुक्यानं खेळले. दुसराही.

"ताई, माइक खराब झाला का?" कॅप्टन म्हणाला. "अशानं कसं होईन? जालन्याच्याले बोलवू का मग?"

मी तोंड उघडलं. शब्द येईना. मागं मेथी खुडण्याचा आवाजही थांबला होता.

"त्या भिंतीपाशी कायतरी हाललं," आई म्हणाली.

मी पाहिलं. भिंतीच्या कडेला सावली सरकली होती.

"डावीकडं बघ बे," मी ओरडले, "भिंतीमागं हाय, सावली दिसून राह्यली."

चिखलीवाल्यानं वळून गोळी झाडली. सावलीवाला आडवा पडला.

"आली ताई," कॅप्टन म्हणाला.

मागून आई म्हणाली, "बे नको म्हणू म्हणलं ना."

"ताई, कोन हाय तिथं?"

"आई हाय माही," मी म्हणाले. घरात, आईसमोर, मी असं पहिल्यांदाच बोलत होते. कॅप्टन काहीतरी म्हणाला, पण मी मागं वळून आईकडे पाहत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. हातातली मेथीची काडी तशीच धरून ती स्क्रीनकडे पाहत होती.

"इकडं काय पाह्यते," ती म्हणाली. "तिकडून दुसरा येऊन राह्यला."