नेहमीचा आवाज

ताईचा फोन आला तेव्हा दुपार कलत होती. "गेले गं..." ताई म्हणाली. मग ती हळूच म्हणाली, "घरात कसलाच आवाज येत नाहीये." भाऊजी, म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान, शेवटचे काही महिने बोलतच नव्हते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. तरीही ते खिडकीजवळच्या खुर्चीत असले की घर बोलतंय असं वाटायचं. नाशिकरोडच्या त्या फ्लॅटमध्ये तेव्हाही पंखा फिरत असणार, खालून रिक्षा जात असणार... पण ताईला काही ऐकू येत नव्हतं.

भाऊजींचा सगळा जन्म आवाजांत गेला. सातपूरच्या एका कारखान्यात ते कॉम्प्रेसर बघायचे. जेवताना फ्रिज सुरू झाला की यांचा घास हातातच! मान तिरकी, डोळे मिटलेले. "थकलाय बिचारा," म्हणायचे. मी चिडवायचे, "ताईने चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाही, आणि फ्रिज कण्हला की लगेच कान टवकारतात." त्यावर ते म्हणायचे, "तुझी ताई कण्हते कुठे? ती थेट ओरडते." मग ताई खरंच ओरडायची आणि हे शांतपणे "चालू द्या" म्हणून भात कालवायला लागायचे. कशावरही त्यांचं हेच उत्तर असायचं.

निवृत्त झाल्यावर एकदा पंचवटीत माझ्या घरी आले. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून मला 'मॅडम' म्हणायचे. "मॅडम, माझ्या डोक्यातलं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ओतता येईल का?" त्यातून आमची एक संगणक प्रणाली झाली. कोल्ड स्टोरेजच्या ऑपरेटरला ती एकेक प्रश्न विचारायची आणि कॉम्प्रेसरचं काय दुखतंय ते सांगायची. पहिलाच प्रश्न होता, 'आवाज नेहमीसारखा आहे का?' 'हो' दाबलं की उत्तर यायचं, 'यंत्र ठीक आहे. चालू द्या.' मी 'दोष आढळला नाही' असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. म्हणाले, "अगं, माणसाला धीर नको का वाटायला?"

इकडच्या द्राक्षवाल्यांकडे ती झकास चालली. मग कोकणातल्या एका मासळीवाल्याने मागितली. यंत्र तेच, नियम तेच, म्हणून आम्ही जशीच्या तशी उचलून दिली. थोड्याच दिवसांत तिथला कॉम्प्रेसर जाम झाला आणि आतली मासळी वाया गेली. आमची प्रणाली मात्र रोज 'चालू द्या' सांगत होती! भाऊजी स्वतः गेले. तिथला ऑपरेटर नवा होता. तो म्हणाला, "साहेब, मी आलो तेव्हापासून हा असाच खरखरतोय. म्हणून 'हो' दाबत होतो."

परत आले त्या रात्री जेवताना म्हणाले, "तो खोटं बोलला नाही, मॅडम. 'नेहमी' हा शब्द आपण कोणाच्या भरवशावर लिहिला?" आमच्याकडचे ऑपरेटर वर्षानुवर्षं एकाच यंत्राशेजारी बसलेले. धडधाकट यंत्र कसं वाजतं हे बघणाऱ्याला माहीत असणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. इतकं की ते धरलंय हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. नियम दुसऱ्या गावी जातात, पण ते ज्यावर उभे असतात ती जमीन मागेच राहते. मग प्रत्येक नियमाशी बसून 'तू कशावर उभा आहेस?' असं विचारणं सुरू झालं. भाऊजींना त्याचं वेडच लागलं. ताईने कोणाला फोनवर कृती सांगताना 'चवीपुरतं मीठ' म्हटलं, तर हे आतून विचारायचे, "कोणाच्या चवीपुरतं?"

शेवटी ठरलं, प्रश्नासोबत आवाजही ऐकवायचे. खऱ्या यंत्रांचे आवाज भरून आणले, पण मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर सगळेच सारखे घर्रर्र. "थांब, मीच काढतो," भाऊजी म्हणाले. पंखे बंद, खिडक्या बंद, आणि हे साठीचे गृहस्थ गाल फुगवून बसलेले! बेअरिंग गेल्याची खर्रर्र, पट्टा सैल झाल्याची चींऽ, गळतीची सुस्स... ताई तोंडात पदर कोंबून हसत होती. फक्त निरोगी यंत्र त्यांना जमेना. "बिघडलेलं कोणीही काढेल गं, धडधाकट काढणं अवघड." मग डोळे मिटून, छातीच्या तळातून त्यांनी एक लांब, मऊ हुंकार सोडला... हूंऽऽऽ. आम्ही दोघी हसायच्या थांबलो. त्या बंद खोलीत आपण तरंगतोय असं काहीसं वाटलं.

ते गेल्यावर महिनाभराने ताईने माझा हात घट्ट धरला. "मला त्यांचा आवाज आठवेना गं." भयंकर घाबरली होती. एक माणूस दोनदा जातं म्हणजे काय, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आम्ही सगळे फोन धुंडाळले. लग्नं, बारशी, सहली, सगळीकडे कॅमेरा धरणारे हेच, म्हणून सगळ्यांचे आवाज आणि यांचा तेवढा नाही. मला रागच आला त्यांचा. एवढं कसं मागे मागे राहावं माणसाने! घरी येऊन रडले आणि दुपारी डोळा लागला. झोपेत का जागेपणी, कोण जाणे, कुठेतरी खोल काहीतरी घुमत होतं. हूंऽऽऽ... मी ताडकन उठून बसले.

तशीच लॅपटॉप घेऊन ताईकडे गेले. त्यांच्या खुर्चीत तिला बसवलं आणि पहिला प्रश्न उघडला. त्याच्यासोबतच्या आवाजाचं बटण दाबलं तसा तो हुंकार खोलीभर पसरला. ताईने डोळे मिटले. मान तिरकी केली, अगदी त्यांच्यासारखी. पडद्यावर प्रश्न तसाच होता : आवाज नेहमीसारखा आहे का?

ताईने पदराने डोळे पुसले आणि 'हो' दाबलं.

'यंत्र ठीक आहे. चालू द्या.'