चढणाऱ्याला आधी साइड

कासिमचाचांचं तोंड मला शेवटचं बघता आलं नाही. आणि त्याला कारण खुद्द चाचाच.

आज वर्ष झालं.

चाचा आमच्या वडिलांचे दोस्त. महाडचा किराणा टेम्पोत भरून आंबेनळी घाटातून वर महाबळेश्वरला न्यायचे. येताना स्ट्रॉबेरी, आणि आमच्या पोलादपूरच्या घरी चहा.

इंग्रजीतला एकच शब्द त्यांनी मनापासून घेतला होता. साइड.

गुडघा दुखला की "डाव्या साइडनं कळ मारते." चाची रागावली की "आज ती माझ्या साइडला नाय." आंब्याच्या दिवसांत पेट्या विकायचे, तो साइड बिझनेस.

माझ्या लग्नात मांडवाच्या मधोमध उभे. कुणी विचारलं, तुम्ही कुठल्या साइडचे?
"पोरीच्या. पण जेवण दोन्ही साइडला."

मला गाडी त्यांनीच शिकवली, त्याच घाटात. वरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा. घरचे सगळे नको म्हणत होते. माझे तर समोरून गाडी आली की डोळेच मिटायचे.

"डोळे मिटून साइड कशी देशील गो? समोरचा चढतोय का उतरतोय, येवढंच बघ. चढणाऱ्याला आधी साइड. उतरणाऱ्यानं थांबायचं."

"का पण?"

"तो भार घेऊन येतोय. एकदा थांबला, की परत उठवणं लय कठीण. तुला काय, तू निसती उतरतेस."

मग धुक्यातून एखादा ट्रक वर यायचा, आधी दोन पिवळे दिवे, मग सगळा. जाताना ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा हात जरासा उचलायचा. चाचाही उचलायचे. बोलणं काही नाही. मला ते फार आवडायचं. अजूनही झोप लागता लागता ते दिवे दिसतात.

त्या दिवशी चाचांच्या मुलाचा, इरफानचा फोन आला. "ताई, अब्बा गेले. दुपारच्या नमाजानंतर नेणार. लवकर ये."

मी शाळेतून तशीच खाली निघाले. घाटात हे धुकं. आणि वळणावर समोरून भरलेला टेम्पो, चढणारा. त्याच्या मागे ट्रक, मागे अजून दिवे.

घुसता आलं असतं. माझी गाडी छोटी. आणि मला चाचांना बघायचं होतं, एकदाच.

पाय आपसूक ब्रेकवर गेला.

एकेक गाडी वर येत राहिली. एकेक हात उचलला जात राहिला. मी रडत होते आणि साइड देत होते. त्या दिवशी चाचांचा रागही आला, खोटं कशाला सांगू.

चाचांचं गाव सावित्रीच्या काठी, हायवेवरून खाली उताराला. कबरस्तान वरच्या अंगाला.

मी गावाकडे उतरायला लागले आणि समोरून जनाजा चढत आला.

गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली उतरून, डोक्यावर ओढणी घेऊन उभी राहिले.

कुणी थांबलं नाही. थांबू नयेच.

पुढच्या खांद्याला इरफान होता. माझ्यासमोरून जाताना त्यानं मोकळा हात जरासा उचलला. घाटात उचलतात तसा.

मीही उचलला.

सावकाश चढा, चाचा. मी साइडला उभी आहे.