सकाळची गाडी आणि मास्तरांचा कॅमेरा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या रस्त्यांवरून सर्वांत जास्त वेळा गेलेला आणि ते रस्ते सर्वांत कमी पाहिलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी आमच्या मास्तरांचं नाव घेईन. आईवडिलांखालोखाल माझ्यावर उपकार कुणाचे, असं विचारलं तरी उत्तर तेच. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे गाडीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. तीस-एक वर्षं ते गाडीत उभे राहिले ते तोंड प्रवाशांकडे, डोळे तिकिटांकडे आणि पाठ रस्त्याकडे करून. लोणीपासून घाटघरपर्यंत कुठला खड्डा कुठे आहे, हे त्यांच्या तळपायांना पाठ होतं. त्या खड्ड्याशेजारी काय आहे असं विचारलं, तर मात्र त्यांना ड्रायव्हरकडे पाहावं लागे.

नव्वदच्या दशकात मी घाटघरहून जुन्नरच्या कॉलेजात जात असे. आमच्या घरात त्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजला वेळेवर जायचं असतं हेही कुणाला माहीत नव्हतं. आमची वाडी गावापासून अर्ध्या तासावर आणि गाडी सुटायची सकाळी सहाला. गाडी थांबवून ठेवण्याचा अधिकार मास्तरांना नव्हता, आणि नियम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून ते खाली उतरून टायर बघत. एका टायरला लाथ मारायची, कान लावायचा, मान हलवायची आणि पुढच्या टायरकडे जायचं. मी बांधावरून पळत येताना दिसलो नाही, तर सहाही टायर पुन्हा पहिल्यापासून. प्रवासी कुरकुरत. मास्तर म्हणत, "तुमच्याच जिवासाठी बघतोय राव, मला काय हौस हाय व्हय?" तीन वर्षांत त्या गाडीचे टायर जितके तपासले गेले, तितके विमानाचेही तपासले जात नसतील. मी बी.ए. झालो, मंचरच्या एका शाळेत कारकून म्हणून लागलो, तो त्या टायरांच्या जोरावर.

पुढे मास्तर निवृत्त झाले. सत्काराला सहकाऱ्यांनी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याचा आयुष्यभर घड्याळानं जीव काढला त्याला निवृत्तीच्या दिवशी घड्याळच देण्याची आपल्याकडची पद्धत मला अजून उमगलेली नाही. मास्तरांनी ते येडगावच्या घरी गोठ्यात लावलं, कारण म्हशीला वेळेची चिंता नसते, आणि पेन्शनीतून एक खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेतला. घरच्यांना वाटलं, नातवंडांचे फोटो काढतील. मास्तर दुसऱ्याच दिवशी गाडीत पुढच्या सीटवर, काचेसमोर जाऊन बसले. मला म्हणाले, "ज्या रस्त्यानं पोसलं, त्याचं त्वांड तरी बघू दे की एकदा."

आणि त्यांनी ते पाहिलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना असा शोध लागला की जुन्नरच्या रस्त्यावरून शिवनेरी दिसतो. हे जुन्नरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण मास्तरांनी सकाळचा, दुपारचा आणि संध्याकाळचा शिवनेरी असे तीन व्हिडिओ घेऊन मला मंचरला आणून दाखवले आणि ही गोष्ट एवढ्यात कुणाला सांगू नको म्हणाले. खोडदच्या रानातल्या आभाळाकडे तोंड केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या पाहून त्यांनी व्हिडिओतच विचारलं होतं, की एवढ्या डिश लावून ह्यांना च्यानल किती दिसतात. चावंडचा किल्ला दिसला तेव्हा तर त्यांनी गाडीतूनच त्याला हात जोडले. कॅमेरा त्याच हातात असल्यानं पुढची चार मिनिटं आपल्याला फक्त त्यांच्या सदऱ्याचं बटण दिसतं.

त्यांच्या बोलण्याची तऱ्हा निराळीच होती. निसर्ग, सौंदर्य, मनोहर असले शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. नाणेघाटावरून कोकणात उतरणारा सूर्य त्यांनी फार सुंदर टिपला आहे, पण मागून आवाज येतो तो, "चला, शेवटचा टप्पा. उतरणारांनी सामान बघून घ्या." ढग किल्ल्यावर आले की ते ढगांना आत सरकायला सांगत. व्हिडिओ सुरू करताना गाडीच्या डबल बेलसारखी दोनदा आणि संपवताना एकदा खिडकीच्या गजावर किल्ली वाजवत. त्याशिवाय आपला कॅमेरा हलत नाही, अशी त्यांची खात्री होती.

हे सगळं इंटरनेटवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. शाळेच्या कचेरीत नवा कॉम्प्युटर आला होता आणि हेडमास्तरांना त्याची भीती वाटत असल्यानं तो मला मिळाला होता. पाच मिनिटांचा व्हिडिओ वर चढायला दीड-दोन तास लागत. तेवढ्या वेळात मास्तर खुर्चीत ताठ बसून पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत, आणि मध्येच वीज गेली की घाटात गाडी बंद पडल्यासारखा चेहरा करून म्हणत, "उतरा, ढकलावी लागंल." पहिला व्हिडिओ महिन्याभरात सात वेळा पाहिला गेला. त्यांतल्या पाच वेळा मीच पाहिला होता, तो नीट चढला आहे की नाही हे बघायला. मास्तरांना हे मी सांगितलं नाही. त्या सातही जणांबद्दल त्यांना फार कुतूहल होतं.

अशा हिंडण्यात त्यांना त्यांच्यासारखेच आणखी दोन कलावंत भेटले. पहिला पुण्याचा एक तरुण. मोटरसायकलवरून यायचा, हेल्मेटवर कॅमेरा बांधलेला. तो जिथे जाई तिथे स्वतःचाच व्हिडिओ काढी. त्यानं आमचा अख्खा नाणेघाट जगाला दाखवला, तो त्याच्या डाव्या कानामागून जेवढा दिसला तेवढा. त्यानंच मास्तरांना सांगितलं की काका, तुम्ही जे करता ते करणाऱ्याला व्हिडिओ ब्लॉगर म्हणतात. मास्तरांनी आठवड्यात कार्ड छापून घेतलं. वर 'व्हिडिओ ब्लॉगर', खाली कंसात 'सेवानिवृत्त वाहक'. दुसरा होता नारायणगावातल्या कापडवाल्या शेटजींचा मुलगा. त्याचे आजोबा मारवाडातून आले, पण हा आमच्याहून चांगलं मराठी बोले. दुकान भावावर सोडून त्यानं लग्नाच्या शूटिंगचा धंदा काढला होता. त्याच्या मते गुलाबाच्या पाकळ्या पडल्याशिवाय कुठलाही व्हिडिओ पुरा होत नाही. हे तिघं पहिल्यांदा घाटातल्या चहाच्या टपरीवर भेटले, तेव्हा तिघांनीही कॅमेरे काढून एकमेकांचं शूटिंग सुरू केलं. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून तिघंही वाट बघत राहिले आणि चहा निवला. तो व्हिडिओ तिघांच्याही संग्रही आहे आणि तिघांच्याही व्हिडिओत दोन कॅमेरे सोडून काही दिसत नाही.

हे असं सुखानं चाललं असताना बातमी आली की घाटघरची सकाळची गाडी बंद होणार. पॅसेंजर मिळत नाही, असं डेपोच्या साहेबांचं म्हणणं. त्या गाडीनं दूध जुन्नरला जाई, दवाखान्यात म्हातारी माणसं जात, आणि आमच्या वाडीतली कमल बारावीला जाई. वाडीतून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली मुलगी. जीप मिळायची, पण ती भरल्याशिवाय सुटत नसे, आणि भरली की मुलीच्या जातीला तीत बसू द्यायला घरचे तयार नव्हते. मास्तर मंचरला आले तेव्हा खुर्चीवरसुद्धा बसले नाहीत. मी अर्ज लिहू म्हणालो. ते म्हणाले, अर्ज साहेबलोकांनी लई बघितलेत, आता आपण व्हिडिओ दाखवायचा.

त्यांनी घाटघर ते जुन्नर सगळ्या रस्त्याचा व्हिडिओ घेतला आणि मला बरोबर घेऊन साहेबांकडे गेले. साहेब सज्जन होते. त्यांनी सगळा व्हिडिओ पाहिला, सकाळचं धुकं पाहून वा म्हणाले, आणि शेवटी विचारलं, "मास्तर, रस्ता छानच आहे. पण यात पॅसेंजर कुठाय?" खरंच नव्हता. मास्तरांच्या मागे एकोणीस माणसं बसली होती, पण पुढच्या सीटवर बसून मास्तरांनी काचेतून पुढचं सोडून काही घेतलंच नव्हतं. साहेबांच्या हातात आता पुरावा होता, आणि तो मास्तरांनी स्वतः नेऊन दिला होता.

मग दोघा मित्रांना बोलावणं गेलं. दोघंही उत्साहानं आले, आणि उत्साहासारखा घातक पदार्थ नाही. शूटिंग आहे ही बातमी घाटघरभर पसरली. ठरल्या सकाळी निम्मं गाव नवी लुगडी, इस्त्रीचे शर्ट घालून स्टॉपवर हजर. ज्यांनी जन्मात जुन्नर पाहायची इच्छा केली नव्हती तेही चढले. पुण्याचा तरुण मोटरसायकलवरून गाडीच्या पुढे राहून स्वतःबद्दल बोलत होता. शेटजींच्या मुलानं रात्रभर खपून एडिटिंग केलं आणि हात सवयीनं जायचा तिथे गेला. साहेबांनी पाहिलं ते असं, की गच्च भरलेली गाडी, नटलेल्या बाया, मागे सनई, आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "लग्न कुणाचं होतं?" आणि वऱ्हाडासाठी वेगळी गाडी बुक करायची सोय आपल्याकडे आहे, हेही सांगितलं.

तिसऱ्या वेळी मास्तरांनी कुणालाच बोलावलं नाही. मी आपण होऊन गेलो. मंगळवार होता, गाडीत अकरा माणसं. मास्तर पुढच्या सीटवर बसले नाहीत. ड्रायव्हरकडे पाठ करून मधल्या वाटेत उभे राहिले, गाडीच्या हेलकाव्याबरोबर त्यांचे पाय आपोआप सावरत होते, आणि ते एकेकाच्या तोंडासमोर कॅमेरा धरून तिकीट देताना विचारावं तसं विचारत गेले, "कुठं?"

दूधवाला म्हणाला, जुन्नर, डेअरी. एक जण कोर्टाच्या तारखेला चालला होता. म्हणाला, तारीख मिळती, निकाल तेवढा मिळत न्हाई. एक म्हातारी डोळे दाखवायला निघाली होती. तिनं कॅमेऱ्याच्या बाजूला बघत विचारलं, "कोन मास्तर का? आवाजानं वळाखलं." शेवटच्या बाकावर कमल होती.

"कुठं?"

"कॉलेजला."

"आन् गाडी बंद झाली तर?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "मंग लगीन, दुसरं काय?"

कॅमेरा तसाच चालू राहिला, आणि किल्ली वाजवायचीही राहून गेली.

साहेबांनी हा व्हिडिओ पाहिला आणि शेवटचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग कागद ओढून लिहिलं, गाडी पुढील आदेश होईपर्यंत चालू ठेवावी. त्या मार्चमध्ये कमल बारावीला बसली आणि जूनमध्ये तिनं बी.ए.ला नाव घातलं. वर्षभरानं साहेबांची बदली झाली. आणि मास्तरांच्या मनात आलं, की एवढ्या मोठ्या यशाचा आभाराचा व्हिडिओ व्हायला हवा. गाडीला हार, दोन्ही कलावंत, सगळं घाटघर, आणि प्रमुख पाहुणे म्हणून नवे साहेब. फोनवर त्यांना समजावणं अशक्य होतं. फोन ते बोलण्यासाठी वापरत, ऐकण्यासाठी नाही. म्हणून मी त्यांना येडगावच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे आहे.

*

ती. मास्तरांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या कार्यक्रमाचा बेत कळला. हात जोडून विनंती आहे की तो करू नये. कारण लिहितो, रागावू नका.

डेपोत माझा एक वर्गमित्र आहे, त्याला विचारलं. गाडी चालू आहे ती पुढील आदेश झाला नाही म्हणून. आणि पुढील आदेश झाला नाही, कारण तो करायचा आहे हे कुणाच्या लक्षात नाही. जुने साहेब गेले, नव्यांना ही गाडी माहीत नाही. रोज सहाला ती सुटते, ती फक्त कुणी तिच्याकडे बघत नाही म्हणून. तुम्ही हार घालून, पाहुणे बोलावून ती दाखवलीत, तर साहेब पहिला प्रश्न विचारतील की यात पॅसेंजर किती. अजून अकराच आहेत, मास्तर. कधी नऊ.

कमलची दोन वर्षं राहिली आहेत. तेवढी निघू देत. तो अकरा माणसांचा व्हिडिओसुद्धा मी इंटरनेटवरून काढून ठेवला आहे, तुम्हाला न विचारता, त्याची माफी असावी. जगात फार लोकांनी बघावं म्हणून तुम्ही किती खटपट केलीत हे मला माहीत आहे. पण तुमचं सगळ्यांत चांगलं काम एका साहेबानं दोनदा बघितलं आणि तेवढं पुरलं. आता ते कुणी न बघितलेलंच बरं.

म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला आता दिसतं. तुम्ही आवाजावरून वाटता त्याहून बुटके आहात, असं तिनं सांगायला सांगितलं आहे.

आणखी एक. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन जुन्नर स्टँडवर आलो होतो. तुमची ड्यूटी बदलली होती, तुम्ही लोणीच्या गाडीवर होता. पुडा मी चौकशीच्या खिडकीत ठेवला आणि तुमचं नाव सांगितलं. पुढे इतक्या वर्षांत आपण किती वेळा भेटलो, पण विचारायचा धीर झाला नाही. तो तुम्हाला मिळाला होता का?