सोलता सोलता ऐकलेले खून

श्रीवर्धनात सुपारी सोलायला बसलं की हात अडकतात, कान मात्र मोकळे राहतात. म्हणून आमच्या पडवीत एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी सोलायचं, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. सासरे पोथी वाचत. ते गेल्यावर शेजारचे निवृत्त मास्तर वाचायला बसू लागले आणि पोथीच्या जागी कादंबरी आली.

लेखक दर वेळी तोच. वर्षाला दोन पुस्तकं पाडणारा, पानोपानी रक्त सांडणारा. कुठे त्याची पुस्तकं जाळली, कुठे त्याच्या तोंडाला काळं फासलं, तरी गडी थांबेना. मला तो कधीच आवडला नाही. माणूस मारताना त्याच्या भाषेला जो चेव चढतो, त्याची मला किळस येते. पण पुढे काय झालं ते कळल्याशिवाय चैनही पडायचं नाही, म्हणून शिव्या घालत ऐकायचे.

खून आला की पडवीत वाद रंगायचा. माझा नवरा म्हणायचा, हा बरा जमलाय. मास्तर म्हणायचे, मागचा सरस होता. शेवटचा शब्द शेजारच्या वहिनींचा. एकदा नायकाने एका घावात माणूस आडवा केला, तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, "खोटं हाय. येवढ्यात जीव जात न्हाय." सगळे हसले. मला हसू आलं नाही. वहिनींच्या नवऱ्याला त्याच्या चुलत भावाने बांधाच्या भांडणात कोयत्याने तोडलं होतं. ते माझ्या लग्नाआधीचं. साक्षीदार मिळाला नाही म्हणून तो भाऊ सुटला आणि आजही त्याच बांधापलीकडे वाडी शिंपतो.

त्या दुपारी मास्तरांनी पुस्तकाऐवजी मोबाइल काढला. लेखकाची मुलाखत आली होती. पुढे तीन कादंबऱ्या येणार, त्यातली पहिली आमच्या किनाऱ्यावरची. सुपारीची वाडी, बांध, दोन भाऊ, कोयता. वाचता वाचता मास्तर खुलले. "आपलं गाव पुस्तकात येणार! आता बघा, खून कसा रंगवतो तो!"

लेखकाशी आपला फोन असतो, ही बढाई मास्तर येता-जाता मारायचे. तीच त्यांना भोवली. वहिनींची गोष्ट यांनीच लेखकाला पुरवली असं धरून नवरा उठला, त्यांची गचांडी धरली आणि तोंडावर ठोसा हाणला. मास्तर जोत्याच्या दगडावर आपटले. भुवई फुटली, सोललेल्या सुपाऱ्यांवर रक्त सांडलं. तरी हा लाथा घालतच होता. "बाईचं दुःख इकलंस? गावाचं नाक कापलंस?" मी दंडाला लटकले, तर मलाही झिडकारलं. माणूस मेला असता. आणि खरं सांगते, क्षणभर मला नवऱ्याचा अभिमान वाटला. कुणीतरी वहिनींसाठी हात उचलला होता.

"सोडा त्यांना," वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलंय."

नवऱ्याचा पाय हवेतच थांबला.

"तो लेखक घरी आलेला माझ्या. मी बसवून समदं सांगितलं. पहिला घाव खांद्यावर. मग हे वाडीभर पळाले. वराडत व्हते, नावं घेऊन हाका मारीत व्हते. मी माहेरी व्हते. मला ते मारणाऱ्यानंच सांगितलं, सुटून आल्यावर, दारात उभं राहून. कुणाकुणाला हाक मारली, तेबी सांगितलं."

मास्तर भुवईवर पंचा दाबून उठले आणि निघून गेले. वहिनींनी रक्त लागलेल्या सुपाऱ्या वेगळ्या काढल्या, उरलेल्या सोलल्या आणि मग त्या गेल्या.

नवरा मोरीत हात धूत होता. मुठीची सालं निघाली होती. वहिनींची वाडी आमच्या पडवीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे कुणी खोकलं तरी इथे ऐकू येतं.

"वाडीत पळताना त्यांनी तुम्हालाही हाक मारली होती?" मी विचारलं.

त्याने हातावर आणखी एक तांब्या ओतला.

"जेवत होतो," तो म्हणाला.