वन्संचा दात

कल्पना करा, खुर्चीत तुमची मोठी नणंद तोंड उघडून बसलीय आणि तिचा वरचा पुढचा दात तुमच्या बोटाखाली डुगडुगतोय. एक्स-रे मात्र म्हणतोय, मूळ धडधाकट आहे. कुणावर विश्वास ठेवाल?

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी बोटावर ठेवला. आडवं मोडलेलं मूळ समोरून काढलेल्या फोटोत लपून राहू शकतं. त्यांनी यंत्राची नळी तिरकी धरून पुन्हा फोटो काढला. मुळाच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ उमटली.

वन्संचा धंदा शिवणकामाचा. जिन्यावरून तोंडावर पडल्या, म्हणून आल्या; एरवी भावजयीला तोंडाला हात लावू दिला नसता.

"आईचा एक काढला आणि बाकीचे रांगेने गेले. माझा काढलास तर बघ!"

"काढत नाही, वन्सं. बसवते."

भूल देऊन बाईंनी खाली उतरलेला तुकडा हळूच वर सारला आणि बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधला. पुढच्या दातांनी महिनाभर काही खायचं नाही, हे दोनदा बजावलं.

आठवड्याभरातच वन्सं परत आल्या. तार सुटलेली, तिच्यात लाल दोरा अडकलेला.

"हे काय?"

"दोरा तोडला."

"दातांनी?"

"मग काय पायांनी? खाऊ नको म्हणालीस. दोरा कुठे खाल्ला मी?"

मदतनीस फिस्सकन हसली. बाईंचं तोंड उतरलं. जन्मभर दातांचीच कात्री केलेल्या वन्संना दोऱ्याचं सांगायचं बाईंना सुचलंच नव्हतं.

नव्या फोटोत भेग रुंदावली होती. नस जिवंत आहे का बघायला बाईंनी गार फवारा मारलेला कापसाचा बोळा शेजारच्या दाताला लावला, वन्सं किंचाळल्या. मोडक्या दाताला लावला. काहीच नाही. पुन्हा लावला. वन्सं नुसत्या बघत राहिल्या.

"गेला ना गं?" त्यांचा आवाज एवढासा झाला. "खरं सांग."

मार बसलेली नस काही महिने बधिर राहू शकते, ती काढून टाकायची घाई करू नये, हे बाईंना पाठ आहे. पण ती आत कुजत असली, तर भेगेभोवतीचं हाड झिजत जाणार. मग वन्संना भीती वाटते तेच होणार.

बाईंनी पुन्हा तार बांधली. या वेळी दोऱ्याचंही बजावलं.

आता रोज दवाखाना उघडण्याआधी त्या भेगेचे दोन्ही फोटो उजेडात धरतात. नस झोपलीय की मेलीय? आणि हे कळेपर्यंत हाड थांबेल का?