विंगेतला आवाज मी पुसला

रमाकांतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रबाळ्याच्या आमच्या स्टुडिओचं शटर वर करत होते. त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी, एवढंच सांगितलं, "ताई, हे झोपेतच गेले." महिना होऊन गेला. लोक त्यांच्याबद्दल गोड गोड लिहितायत, लिहू देत. माझ्या हातून त्यांचं काय नुकसान झालं ते मला सांगायचंय, कारण दुसरं कुणी ते सांगणार नाही.

वीस वर्षं आम्ही एकाच गाळ्यात काम केलं. जुनी नाटकं, जुने सिनेमे नव्याने डिस्कवर यायचे, त्यांचा आवाज आम्ही साफ करायचो. मूळ आवाज एका माइकवरचा, आणि कंपन्यांना मात्र घरात पाच स्पीकर दणाणायला हवेत! मग संगीत छपराला आणि संवाद तळाला. एकदा तर गावच्या कनातीतल्या तमाशाला परदेशी सभागृहातल्या टाळ्या जोडायला सांगितल्या. दादा भडकले. "आवाज धुवायचा गं, सोलायचा नाही," म्हणायचे. झालेलं काम ते शेवटी एका जुनाट टीव्हीवर ऐकायचे, वर पंखा फुल करून. "लोकांच्या घरी कुकरच्या शिट्या असतात. त्यात वाक्य कळलं तर मिक्स पास."

कामगारांच्या एका नाटकाची टेप त्यांनी स्वतः कुठून तरी शोधून आणली होती. टेप चिकट झालेली. गरम करून एकदाच वाजली, आणि वाजता वाजता तिचा थर गळून गेला. त्या एका वाजण्यातून संगणकावर कच्ची कॉपी दादांनीच काढली आणि बायपाससाठी ॲडमिट झाले. पुढचं काम माझ्याकडे आलं. त्यात विंगेतून प्रॉम्प्टर सतत कुजबुजत होता. नट अडला की आधी याचा आवाज, मग त्याचा. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, हे भूत काढा." आठ दिवस खपून मी ते शब्द न् शब्द काढलं. कंपनी खूश. पुढच्या कामाला जागा हवी होती, म्हणून कच्ची कॉपी उडवली. कच्ची कॉपी कधीच उडवायची नाही, हा दादांचा कायदा. तो मी मोडला.

बरे होऊन आले तेव्हा त्यांनी पहिली त्याच नाटकाची डिस्क लावली. थोड्या वेळाने विचारलं, "विंगेतला माणूस कुठाय?"

"काढला! आठ दिवस घासलंय."

"आणि कच्ची कॉपी?"

मी ड्राइव्हवरच्या नव्या कामाकडे बोट दाखवलं. त्यांना कळलं. डिस्क बंद करून म्हणाले, "आमचे बाबा होते ते. गिरणीतून सुटले की प्रॉम्प्टिंगला जायचे. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही." आणि चष्मा पुसत म्हणाले, "काम मात्र चोख झालंय हां."

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला येतो राग! आधी सांगायला काय झालं होतं? निदान नंतर दोन शिव्या तरी हासडायच्या. तेही नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा उघडून मला बोंबलाची चटणी वाढली.

दादांच्या मागे झालेल्या जलदान विधीला मी खांदेश्वरला त्यांच्या घरी गेले होते. माणसं पांगली तशा वहिनी म्हणाल्या, "बसा ताई. हे तुमच्यासोबत ऐकायचंय मला." त्यांनी तीच डिस्क लावली. नट एका वाक्यावर अडला. पुढे नुसती शांतता.

"हे रोज इथं डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, ऐक, बाबा सांगतायत. मला मेलं कधीच ऐकू आलं नाही. मी कानाच्या डॉक्टरकडे पण जाऊन आले. तुमाला येतंय ना ऐकू?"

म्हणजे तो आवाज मी पुसला, हे दादांनी घरात कधी सांगितलंच नव्हतं. मी "हो" म्हणाले असते तर सुटले असते. तोंडात आलंही होतं.

"वहिनी, तुमचे कान धडधाकट आहेत. तिथं काहीच नाहीये. मी पुसलं ते."

वहिनींनी टीव्ही बंद केला. ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. रिमोट मांडीवर धरून म्हणाल्या, "मग हे रोज काय ऐकत बसायचे, ताई?"