मुळ्याचं माप

आमच्या उशाच्या दिव्याची काच पालीनं फोडली. खरं म्हणजे पालीनं काहीच केलं नाही. ती भिंतीवर बसून माझ्या नवऱ्याकडं बघत होती, एवढाच तिचा गुन्हा. नवरा तेव्हा मॅट्रिकला दुसऱ्यांदा बसत होता. वय एकोणीस, मिशी नुकती उगवलेली, आणि पालीची अशी धास्ती की पुस्तकात पालीचं चित्र आलं तर पान उलटून टाकायचा. त्यानं उशी उचलली आणि भिरकावली. पाल जागची हलली नाही. उशी दिव्याला लागली, दिवा स्टुलावर आडवा झाला आणि काच खाली पडून तिच्या ठिकऱ्या झाल्या.

नुकतीच दिवेलागण झाली होती. सैपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "काय फुटलं वो?"

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. दोन्ही हात जोडले. एवढं करुण तोंड मी पुढं कधी नाटकातही पाहिलं नाही. "तू सांग," तो पुटपुटला. "तू नवी आहेस, तुले माय जास्त बोलणार नाही."

मी सोळा वर्षांची होते, नांदायला येऊन तीन महिने झाले होते, आणि नवऱ्यानं आपल्यापुढं हात जोडले याचंच मला केवढं अप्रूप! मी ओरडून सांगितलं, "आत्याबाई, काच बसवता बसवता माझ्या हातून सुटली."

हे एक वाक्य मला आयुष्यभर पुरलं.

दिवा साधासुधा नव्हता. निळ्या चिनी मातीचं पोट, पितळी बर्नर, वर कमळाच्या कळीसारखी जर्मन काच. सासऱ्यांनी तो नागपूरहून आणला होता आणि त्याच वर्षी ते गेले. त्यामुळं सासूबाई त्या दिव्याला दिवा समजत नव्हत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, ठिकऱ्या गोळा करून उकिरड्यावर टाकल्या आणि निकाल दिला, "जा तुह्या बापाकडं. काच आणशील तवाच उंबरा ओलांडजो."

तोवर घरात उजेड कशाचा? माझ्या चिमणीचा. ही चिमणी माझ्या रुखवतातली. अकोल्याच्या टिनवाल्यानं घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून केलेली. डब्यावरची अर्धी इंग्रजी अक्षरं तिच्या पोटावर तशीच राहिली होती. लग्नात वरपक्षाच्या बाया तिला बघून खोखो हसल्या होत्या. "पोरगी उजेडात दिसू नये म्हून दिली वाटते इवाईबुवानं!" तीच चिमणी आता उशाशी बसून धूर ओकू लागली. तिला ना काच, ना नखरा. तीनदा पडली, तीनदा उचलून ठेवली. एक पोचा आला, बस.

निघताना मी सासूबाईंना म्हटलं, "बर्नर द्या, माप दाखवायले."

"अन् तोही फोडून येशील!"

मग मी काय करावं? आम्ही भाजीवाले माळी. आमच्या मळ्यात आळ्याचं अंतर वितीच्या हिशेबानं, पाटाचं पाणी घोट्याच्या हिशेबानं. टोपलीत मनगटाएवढा मुळा होता. तो विळीवर तासत गेले, तासत गेले, आणि बर्नरच्या कड्यात असा चपखल बसवला की सुतारानं तोंडात बोट घालावं. तेवढा तुकडा कापून ओल्या फडक्यात बांधला आणि न्यायला आलेल्या भावाबरोबर अकोल्याची गाडी धरली.

माझ्या हातांबद्दल इथं सांगायला हवं, कारण पुढं बुडालं ते त्यांचंच नाव. बा संत्र्याची कलमं करायचा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर चिरा द्यायचा, त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, बसवायचा, वर केळीच्या सोपटाची पट्टी आवळायची. पट्टी ढिली राहिली तर डोळा वाळतो, जास्त आवळली तर गुदमरतो. हे काम बा भावांना कधी देत नसे. "यायचे हात फावड्याचे," म्हणायचा. "डोळा माह्या पोरीनंच बांधावा." दर हंगामाला माझ्यासाठी खुंटांची एक रांग राखून ठेवलेली असायची.

त्या वेळी मात्र बा डोळ्यांच्या काड्या आणायला मोर्शीला गेला होता. चार दिवसांनी आला. चैत्र चालू. मुळा कोनाड्यात, फडकं पहिल्याच दुपारी कोरडं. माळ्याची पोर असून माझ्या डोक्यात आलं नाही, आणि जन्म भाजीत गेलेल्या बाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या लेखी ते माप होतं. माप कुठं सुकतं?

अकोल्याच्या बाजारात दिव्याच्या दुकानदारानं विचारलं, "काच कोणत्या नंबरची?"

बानं मुळा पुढं केला.

दुकानदारानं तो उलटा-सुलटा पाहिला. "बुवा, हा त वाळून राहिला."

"खायचा नाही, भाऊ. मापाचा हाये."

काच मिळाली. बानं ती कापसात गुंडाळली, टोपलीत ठेवली, टोपली मांडीवर घेतली. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर बसलो असताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "खरं सांग, माय. तुह्याच हातून फुटली?"

मला आजही ती टोपली दिसते आणि टोपलीवरचे त्याचे दोन्ही पंजे दिसतात. खरं सांगितलं असतं तर बा त्या घरात जाऊन जावयाला चार लोकांत उभं-आडवं बोलला असता, आणि मग मी कायमची अकोल्याला. मी म्हटलं, "हो, बा. माह्याच हातून."

"बरं," तो म्हणाला. बस.

अमरावतीला सासरी आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सासूबाईंनी काच बर्नरवर ठेवली. ती कड्यात डुगडुगायला लागली, जशी म्हशीवर बसलेली चिमणी. सासूबाईंनी ती परत टोपलीत घातली. "हे काच नाही अन् हे पोरगीही नाही. दोघी घेऊन जा."

नवरा दारात उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. एकच. त्यानं चौकटीवरचा रंग नखानं खरवडायला घेतला. फार मन लावून खरवडत होता.

बानं फेट्याचं टोक सोडलं आणि दातात धरून टर्रकन फाडलं. माझी सासूही दचकली. ती चिंधी त्यानं बर्नरच्या कड्याभोवती आवळली, गाठ मारली, अलगद काढली आणि भर उन्हात चालता झाला. राजापेठेपासून सुरुवात करून त्यानं किती दुकानं पालथी घातली ते त्यानं सांगितलं नाही. दिवेलागणीला परत आला तेव्हा कापसात दुसरी काच होती. ती बसली. सासूबाईंनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं.

लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं अन्न खात नाही, त्यामुळं जेवायचा प्रश्न नव्हता. पाणीही त्यानं विहिरीवर जाऊन प्यायलं. निघताना फाटका फेटा गुंडाळत म्हणाला, "हात सांभाळून वापरत जा, माय. बाईचा हात असा नसावा."

पुढच्या खेपेला मी माहेरी गेले तर खुंटांच्या रांगेपाशी भावजय बसलेली. मी चाकू उचलला. बानं तो माझ्या हातातून काढून घेतला, रागानं नाही, लहान लेकराच्या हातातून काढतात तसा. "राहू दे. तू बस सावलीत." त्यानंतर तो मला चहासुद्धा पितळीतच द्यायचा. काचेचा पेला दुसऱ्यांना. असं सोळा वर्षं चाललं. मग बा गेला.

तो गेल्यावर दोन वर्षांनी आमच्या घरी नवऱ्याचे कचेरीतले स्नेही जेवायला आले. तोवर तो मॅट्रिक होऊन बरा हुद्देवाला झाला होता. पान खाता खाता त्यानं गोष्ट काढली. काय रंगवली! पाल कशी होती, उशी कशी उडाली, "अन् हिनं काय केलं माहीत आहे? बिचारीनं सगळं आपल्या अंगावर घेतलं! माझा सासरा काच आणायला गेला मुळा घेऊन!" स्नेही हसून हसून लोळले. सासूबाई बोळक्या तोंडानं हसल्या आणि त्याला म्हणाल्या, "मेल्या, तू होय!" आणि त्याच्या पाठीत लाडानं थाप मारली. माझी गोष्ट तो माझ्यापेक्षा चांगली सांगत होता, म्हणून मीही टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी उशाशी माझी पत्र्याची चिमणी होती.

"काच कुठं गेली?" त्यानं विचारलं.

"फुटली."

"कोणी फोडली?"

"मीच. माझे हात कसे आहेत, माहीत आहे ना तुम्हाला?"

लढाईमुळं जर्मन माल बंद झालेला. त्यानं अमरावती पालथी घातली, सुट्टी काढून अकोल्याला जाऊन आला. निघताना म्हणाला, "बर्नर नेतो मापाला."

"अन् तोही फोडून याल," मी म्हटलं. "मुळा न्या की."

तो हसला नाही. रिकाम्या हातानं परत आला.

आता वर्ष होत आलं. चिमणी जळते, छत काळं झालंय, सकाळी आमच्या साहेबांच्या नाकपुड्याही काळ्या असतात. चिमणीला अजून चार पोचे आले. पडते, उचलते, पेटवते. सासूबाई म्हणतात, रुखवतातलं सामान मोठं टिकाऊ निघालं.

जर्मन काच माझ्या पेटीच्या तळाशी आहे, बानं आणली त्याच कापसात. नवरा कचेरीत गेला की मी ती कधीमधी काढते, पुसते, उजेडात धरून बघते. अठरा वर्षं रोज मी ती उतरवली, राखेनं घासली, बसवली. एक ओरखडा नाही. माझ्या हातून कधी काही फुटलं नाही. हे ज्याला सांगायचं होतं तो मला सावलीत बसवून गेला.